चार ठाण्यांची फौजदारी

बुवा कीर्तनात एकेका शब्दावर अर्धा अर्धा तास उभे राहतात, ते उगीच नाही. शब्द पुरता ऐकला तर माणूस तरतो आणि अर्धा ऐकला तर शहाणासुरता माणूसही गटांगळ्या खातो. आमच्या थडीपिंपरीत असाच एक शब्द अर्धा ऐकला गेला, आणि ऐन हनुमान जयंतीच्या सप्ताहात एका घरातलं हसणं बंद झालं. त्या घराचीच ही गोष्ट. देवाच्या कृपेनं शेवट गोड आहे, तेव्हा निवांत ऐका.

आमचा मुलूख मुंबई राज्यात जाऊन तेव्हा वर्ष-दीड वर्ष झालं असेल. हैदराबादचं राज्य गेलं होतं, पण त्या राज्याचे शब्द आमच्या तोंडातून गेले नव्हते. ठाण्याच्या साहेबाला आम्ही अमीन म्हणायचो. अमीन गावात आला की कुत्री भुंकायची थांबत आणि बसलेली माणसं विनाकारण उभी राहत. फौजदारी हा शब्दही आम्हाला चांगला ठाऊक होता. जमिनीचं भांडण ती दिवाणी, डोकी फुटली की फौजदारी. फौजदारी म्हणजे मुकदमा, वकील, हवालात. पण फौजदार नावाचा जिता-जागता माणूस गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, आमच्या थडीला कुणी पाहिलेला नव्हता.

आता ते घर. घर वैजीनाथ पखवाजीचं. वैजीनाथाची थाप पडली की मारुतीच्या देवळातल्या समईची वातसुद्धा ठेका धरते, असं आम्ही मानायचो. माणूस मात्र अबोल. त्याचं सगळं बोलणं पखवाजात गेलेलं, आणि राहिलेलं त्याची बायको धुरपदाबाई बोलायची. या दोघांचा एकुलता एक मुलगा सुग्रीव. परभणीला राहून मॅट्रिक झाला, पोलिसात साहेबाच्या जागेसाठी निवडला गेला आणि वर्षभराच्या शिक्षणासाठी नाशिकला रवाना झाला.

तो गेला त्या वर्षीच्या सप्ताहात, काल्याच्या दिवशी, धुरपदाबाई सगळ्या बायकांसमोर मारुतीकडं तोंड करून बोलून गेली होती, "पुढल्या काल्याला माझा सुग्रीव अमीन होऊन ह्या मंडपात उभा ऱ्हाईल. न्हाई ऱ्हायला तर मी धुरपदा नावाची न्हाई!"

शेजारच्या पार्वतीबाईनं ते नीट ऐकून ठेवलं. पार्वतीबाई आणि धुरपदाबाई यांची घरं भिंतीला भिंत लावून आणि जिभाही तशाच. एकीनं टोमणा मारावा, दुसरीनं परतवावा, आणि मग एकीच्या भाकरीवर दुसरीनं कोरड्यास वाढावं, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा पाठ.

त्या दिवसापासून वर्षभर गावानं 'अमीन' हा शब्द जितका ऐकला तितकं हरिनामही ऐकलं नसेल. दळायला बसली की "माझा अमीन", पाण्याला निघाली की "माझा अमीन". मधे तर तिनं गोवऱ्या थापणंच सोडलं.

"कामून गं?" पार्वतीबाईनं विचारलं.

"अमीनाची माय शेण थापती का?"

"मंग चुलीत काय अमीनाची टोपी घालतीस?"

चूल विझायला लागली तशी धुरपदाबाई पुन्हा शेणात हात घालून बसली. पण भिंतीकडं तोंड करून, म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्याला अमीनाची माय कोण ते कळू नये.

सुग्रीवची पत्रं यायची, पण खुशालीपलीकडं काही लिहायची त्या पोराला सवय नव्हती. वळण बापाचं.

झालं, सप्ताह आला. मंडप पडला, वीणा उभी राहिली. भुजंगबुवा नगरकर कीर्तनाला आले. काय त्या बुवांचा गळा! आणि गळ्यापेक्षा रसाळ त्यांचं सांगणं. ते हसवता हसवता कधी डोळ्यांत पाणी आणतील याचा भरवसा नसायचा. असो. बुवांबद्दल बोलायला लागलो तर सुग्रीव परभणीच्या फलाटावरच राहायचा.

कारण परभणीच्या फलाटावरच सगळा घोटाळा झाला. पार्वतीबाईचा नवरा व्यंकटी सप्ताहासाठी गूळ, लाह्या, उदबत्त्या आणायला परभणीला गेला होता. येताना गंगाखेडच्या गाडीची वाट बघत तो ठेसनात उभा होता. समोरच्या रुळावरची सेलूकडची गाडी सुटली, आणि एका खिडकीतून सुग्रीवनं मुंडकं बाहेर काढलं. पोरगं परभणीला वरिष्ठांपुढं हजर होऊन नेमणुकीच्या गावी निघालं होतं. ओळखीचं माणूस दिसल्यावर त्याला काय आनंद झाला! गाडी चालती असतानाच तो ओरडला. काय ओरडला ते गावाला नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगतो. ऐकणाऱ्याला अंधारात ठेवून हसवणं बुवांना आवडत नाही आणि मलाही नाही. तो म्हणाला:

"व्यंकूकाका! मायला सांगा, फौजदार झालो! चारठाण्याला! काल्याला शिपाई घेऊन येतो!"

नेमकी त्याच वेळी इंजिनानं शिट्टी मारली. अर्धे शब्द वाफेत गेले, अर्धे व्यंकटीच्या कानात.

गंगाखेडपर्यंत गाडीत आणि तिथून गावापर्यंत बैलगाडीत व्यंकटी ते शब्द चघळत आला. फौजदार झालो? असं कुणी होत नसतं. फौजदारी झाली असं म्हणाला असंल. चारठाण्याला? जिंतुराकडं चारठाणा नावाचं जुन्या देवळांचं गाव आहे, हे व्यंकटीच्या गावीही नव्हतं. म्हणजे चार ठाण्यांत. एका न्हाई, दोन न्हाई, चार ठाण्यांत फौजदारी! आणि मग "शिपाई घेऊन येतो". कोण कुणाला घेऊन येतो? फौजदारी झालेल्या माणसाला शिपाईच घेऊन येणार की! तिन्ही वाक्यं एकमेकांत अशी चपखल बसली की खरं असतं तर इतकं नीट बसलं नसतं.

व्यंकटीनं गूळ देवळात टाकला आणि तडक वैजीनाथाचं अंगण गाठलं. धुरपदाबाई काल्यासाठी ज्वारी निवडत होती. वैजीनाथ पखवाजाच्या तोंडाला कणीक लावत होता.

"सुग्रीव भेटला," व्यंकटी म्हणाला आणि खाली बसला.

"माझा अमीन!" धुरपदाबाई उठलीच. "कुठं? कवा? संगं कामून आणला न्हाईस?"

"वैनी, जरा बसा. पाणी प्या."

"मला कामून पाणी? तहान तुला लागली असंल!"

व्यंकटीनं मग एका दमात सगळं सांगून टाकलं. फौजदारी, चार ठाणी, शिपाई, काला. धुरपदाबाईच्या सुपातली ज्वारी एका बाजूला सरकली.

"चार ठाण्यांत?" ती म्हणाली. "अरे, एका टायमाला चार ठाण्यांत गुन्हा करंल कसा? त्याला हात दोनच हायत!"

"ते मला काय ठाव वैनी. त्यो खिडकीतून वरडत व्हता. बिचाऱ्याचा आवाज असा चिरकला व्हता…"

"हसत व्हता का रडत व्हता?"

व्यंकटी विचारात पडला. "दात दिसत व्हते," तो म्हणाला. "पर माणसं रडताना बी दात दिसतेत."

वैजीनाथानं कणकेचा गोळा खाली ठेवला. आणि त्या वर्षातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य बोलला.

"अमीन व्हायला धाडला, आन् जामीन शोधायची पाळी आली."

आता खरी कसोटी होती ती पार्वतीबाईची. व्यंकटीनं घरी जाऊन तिला सांगितलं असणारच. धुरपदाबाई सांजच्याला कीर्तनाला गेली ती काळीज घट्ट करून. आता टोमणा येणार. आता सगळ्या बायकांसमोर विचारणार, काय गं, अमीन कवा यायलाय? तिनं उत्तरही तयार ठेवलं होतं.

पण पार्वतीबाई आली, शेजारी बसली आणि काहीच बोलली नाही. उलट आपल्या बुडाखालचं पोतं धुरपदाबाईकडं सरकवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गुपचूप पिठलं-भाकरी आणून ठेवली. तिसऱ्या दिवशी हौदावरून तिचंही पाणी भरून दिलं. गावात कुणाजवळ चकार शब्द नाही.

धुरपदाबाईला ते सोसेना. पार्वतीबाई गप्प बसली, म्हणजे खरंच काही तरी भयंकर घडलंय! शेवटी तिनं पार्वतीबाईला दारातच धरलं.

"अगं, एक तरी टोमणा मार की गं!"

"कशाला मारू? माझं पोरगं असतं तर?"

"अशी बोलू नको! तू असं बोलायलीस तर मला लय भ्या वाटायलंय!" आणि दोघी उंबऱ्यावर बसून रडल्या. आता रडण्यातही त्यांची चढाओढ असायची, पण त्या दिवशी ती नव्हती.

भुजंगबुवांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्या सांजच्या कीर्तनात त्यांनी देवाचा जन्म लावला. बाहेर पाऊस, यमुनेला पूर, दारावर पहारा, आणि देव कुठं जन्मला? महालात नाही, माडीवर नाही, बंदिशाळेत! "ज्याच्या हाती सगळ्या जगाच्या बेड्या," बुवा म्हणाले, "त्याच्या आईबापांच्या पायांत बेड्या!" आणि वैजीनाथाच्या पखवाजावर अशी काही थाप पडली की बायकांच्या बाजूनं एक मोठा हुंदका आला. बुवांना वाटलं, आपलं आख्यान रंगलं. ते आणखी रंगवायला लागले. हुंदकेही वाढले.

सकाळी धुरपदाबाई बुवांच्या पायाशी जाऊन बसली.

"बुवा, देव हवालातीत जन्मला, त्यात देवाची तक्सीर काय?"

"काहीच नाही, माउली."

"मंग हवालातीत गेलेलं लेकरू वाईटच असतंय असं न्हाई?"

"मुळीच नाही."

"बस," ती म्हणाली. "मला इतकंच पाह्यजे व्हतं." आणि पदरानं डोळे पुसून निघून गेली. बुवा तिच्या पाठीकडं कौतुकानं बघत राहिले. काय भाव आहे या गावच्या बायांचा!

वैजीनाथ तिच्या मागोमाग आला. त्याचं म्हणणं दोन शब्दांचं. "काल्याला न्हाई वाजवणार." का, ते सांगेना. बुवा म्हणाले, "पखवाजाशिवाय काल्याचं कीर्तन मी काय पोत्यावर थाप मारून करू?" ज्याच्या घरावर चार ठाण्यांची फौजदारी, त्याचा हात देवाच्या काल्यात कसा चालेल, हे वैजीनाथाच्या मनात. पण तोंडातून ते निघणार कसं? आणि धुरपदाबाईच्या मनात तर दुसरंच. तिनं मारुतीला शब्द दिला होता. काल्याला तिचा सुग्रीव मंडपात उभा राहणार होता खरा, पण शिपायाच्या हातात. मारुतीनं आपला शब्द असा उलटा कामून ऐकला, हे तिला कळेना.

काल्याचा दिवस उजाडला. पहाटेच उठून धुरपदाबाईनं दुधातल्या दशम्या केल्या, लसणाची चटणी वाटली, लोण्याचा गोळा ठेवला आणि सगळं फडक्यात बांधून ती गंगेच्या वाटेवर चिंचेखाली जाऊन उभी राहिली. शिपायाला खाऊ घालायचं आणि हातापाया पडून लेकाला निदान काल्यापुरतं सोडवायचं, असा तिचा बेत. मागं वैजीनाथ, त्याच्या मागं व्यंकटी आणि पार्वतीबाई. मीही होतो. टाळ गळ्यात तसाच अडकवून धावलो होतो.

उन्हं तापायच्या आधी दोन माणसं येताना दिसली. पुढं सुग्रीव. अंगात साधा पांढरा सदरा आणि पायजमा, पोरगं वाळलेलं, काळवंडलेलं. आणि मागं खाकी अर्ध्या विजारीतला एक धिप्पाड शिपाई, त्याच्या खांद्यावर पत्र्याची पेटी.

"हात मागं बांधल्यात गं!" पार्वतीबाई कुजबुजली.

खरंच, सुग्रीवचे दोन्ही हात पाठीमागं होते. (नाशिकला साहेबलोक तसेच फिरतात, ते बघून त्याला सवय लागली होती, हे आम्हाला काय ठाऊक!)

"आन् ती पेटी?" मी विचारलं.

"मुद्देमाल," व्यंकटीनं जाणकारासारखं सांगितलं.

धुरपदाबाई कुणाचं ऐकायला थांबलीच नाही. सुग्रीवला ओलांडून ती सरळ शिपायापुढं गेली आणि त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

"जमादारसाहेब! लेकरू हाय माझं! त्याची तक्सीर न्हाई!"

शिपायाचं नाव चंद्रभान. उभ्या नोकरीत त्याला कुणी जमादार म्हटलं नव्हतं, साहेब तर नाहीच. तो गोंधळून "अवो बाई, अवो बाई" करायला लागला, तोच तिनं फडकं सोडलं आणि लोण्याची दशमी त्याच्या तोंडात कोंबली. गंगाखेडपासून उपाशीपोटी चालत आलेला गडी. बोलायचं होतं, पण दशमी इतकी मऊ की तोंड आधी चघळायला लागलं.

"बघ, खायला लागला," पार्वतीबाई हळूच म्हणाली. "माणूस चांगला दिसतोय. अजून एक दे."

"माय, हे काय करायलीस?" सुग्रीव धावत आला आणि तिला उठवायला वाकला. त्याचे दोन्ही हात पुढं आले.

"हात मोकळे हायत!" व्यंकटी ओरडला.

"मोकळे नसायला काय झालं? माय, ऊठ. हे मला आणायले न्हाईत. मी त्यांला संगं आणलंय."

धुरपदाबाई उठून बसली. लेकाकडं बघितलं, शिपायाकडं बघितलं. "म्हंजे," ती म्हणाली, "तू शिपायालाच धरून आणलास?"

"अगं धरून न्हाई! ह्यांची सासुरवाडी गंगेपलीकडं हाय, रजा हाय, मनून संगं आले. मी व्यंकूकाकाला सांगितलं व्हतं की, फौजदार झालो मनून!"

"फौजदारी झाली, असं सांगितलास!" व्यंकटी म्हणाला.

"फौजदार!"

"तेच की, फौजदारी!"

इतक्यात चंद्रभानानं दशमी गिळली, पेटी खाली ठेवली, टाचा जुळवल्या आणि सुग्रीवला असा खणखणीत सलाम ठोकला की चिंचेवरचे पोपट उडाले. "साहेब हायत आमचे," तो धुरपदाबाईला म्हणाला. "फौजदारसाहेब. बाई, तुमी पाया माझ्या पडायलाव, नोकरी घालवताव का माझी?"

कुणाच्याच काही ध्यानात येईना. तेवढ्यात स्नान करून गंगेवरून भुजंगबुवा आले. गर्दी बघून थांबले, सगळं ऐकलं आणि ओल्या धोतरासकट हसत हसत वाटेवरच बसले.

"अहो," ते म्हणाले, "आमच्या नगराकडं तुमच्या अमीनालाच फौजदार म्हणतात! मुंबई राज्यातला शब्द आहे तो. खुर्ची तीच, नाव बदललं. आता तुम्हीही मुंबई राज्यात आलात ना!"

"आन् ती चार ठाणी?" वैजीनाथानं विचारलं.

"चारठाणा गावाचं नाव हाय, आबा," सुग्रीव म्हणाला. "जिंतुराकडं. तिथं नेमलंय मला."

वैजीनाथानं डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि देवळाकडं पळत सुटला. घटकाभरात तिकडून पखवाज घुमायला लागला. कीर्तनाला अवकाश होता, पण त्याला धीर नव्हता.

धुरपदाबाई मात्र अजून खाली मातीतच बसलेली.

"म्हंजे ठाणं एकच?" ती म्हणाली.

"एकच, माय."

"मी चार ठाण्यांचं रडले की रे!"

"आता चौपट हस," पार्वतीबाई म्हणाली. तिची जीभ परत आली होती. "पर एक सांग धुरपदे, बोलली व्हतीस अमीन. आला फौजदार. मारुतीला काय सांगणार?"

झालं! सगळ्या आठवड्याचं दुःख एका बाजूला राहिलं आणि धुरपदाबाईच्या पदराला नवीन काळजी लागली. ती तरातरा उठली.

"पेटीत काय हाय?"

"वर्दी हाय."

"घाल."

"माय, रजेवर हाय मी. देवाच्या दारात वर्दी कशाला?"

"मी मारुतीला बोलले हाय. त्याला अमीन काय आन् फौजदार काय? त्यो वर्दी बघंल आन् वळखंल. घाल!"

पोरगं चार ठाण्यांना भ्यालं नसतं, पण आईपुढं काय करणार? घरात जाऊन वर्दी घालून बाहेर आलं. आणि खोटं कशाला बोलू, आम्ही सगळे बघतच राहिलो. कडक इस्त्रीचा खाकी सदरा, खांद्यावर चमचमते तारे, कमरेला रुंद कातडी पट्टा, छातीवरून तिरपा दुसरा पट्टा, पायांत आरशासारखे बूट, डोक्यावर बिल्ल्याची टोपी. हा आमच्या हौदात नागडा पोहायचा तोच का सुग्रीव! धुरपदाबाईनं कानशिलावर बोटं मोडली आणि त्याला मुद्दाम वेशीवरून, पारावरून, चावडीवरून, असा गावभर वळसा घालून देवळाकडं नेला. सरळ गेलं तर देऊळ हाकेच्या अंतरावर होतं. वाटेत दिसेल त्याला ती आपण होऊन सांगत होती, "काई न्हाई, काल्याला निघालोत."

मंडपाच्या तोंडाशी व्यंकटी बसलेला. चपला राखायचं आणि मंडपाचे नियम सांभाळायचं काम त्याच्याकडं.

"सुग्रीवा," तो म्हणाला, "कातडं भाईर."

"बूट काढतोच की, काका."

"बूट काढ. पट्टा बी काढ. तो तिरपा बी. टोपीला आतून कातडं हाय का? ती बी."

धुरपदाबाई कडाडली. "अरे व्यंकट्या! सगळंच काढलं तर राह्यलं काय अमीनाचं?"

"वैनी, देवाच्या मंडपात कातडं चालत न्हाई. आजवर चाललं न्हाई."

"न्हाई कसं? पखवाजाला काय कापूस लावलाय? त्याला दोन्हीकडून कातडंच हाय की! ते देवाला चालतंय, आन् माझ्या लेकाचा पट्टा चालत न्हाई?"

मुद्दा बिनतोड होता. व्यंकटी बुवांकडं बघायला लागला, बुवा पखवाजाकडं. मग बुवा म्हणाले, "माउली, ते कातडं मार खाऊन विठ्ठल म्हणतं. हा पट्टा काय म्हणतो?"

मंडपात हशा पिकला. सुग्रीवही हसला आणि त्यानं पट्टा सोडला.

तिथं खरी फजिती झाली. वर्दी नाशिकला पहिल्या महिन्यात शिवलेली. पुढं वर्षभर कवायत करून करून पोरगं अर्धं झालेलं. पट्टा सुटताच विजार सरकली. त्यानं झटकन दोन्ही हातांनी धरली. चंद्रभानाचा हात सवयीनं सलामाला वर गेला आणि अर्ध्यावर थांबला, कारण सलामाचं उत्तर द्यायला साहेबाचा एकही हात मोकळा नव्हता.

"देवा नारायणा!" पार्वतीबाईनं तोंडाला पदर लावला.

वैजीनाथ पखवाज सोडून उठला. गळ्यातलं उपरणं काढून त्यानं लेकाच्या कमरेला करकचून बांधलं आणि आपली पांढरी टोपी त्याच्या डोक्यावर घातली. अनवाणी पाय, कमरेला बापाचं उपरणं, डोक्यावर बापाची टोपी. गावभर मिरवून आणलेल्या अमीनाचे उरले ते खांद्यावरचे तेवढे तारे. धुरपदाबाई बायकांच्या बाजूला जाऊन बसली, पण तोंड एवढंसं झालेलं. कशासाठी वर्षभर शब्द राखला, आणि दारातच सगळं उतरलं!

कीर्तन उभं राहिलं. गवळणी, खोड्या, लोण्याची चोरी, सगळं बुवांनी असं रंगवलं की आम्ही तासाचं भान विसरलो. मग काल्याची हंडी फुटली, दही-लाह्या उडाल्या आणि बुक्का लावायला सुरुवात झाली. आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक असेलच. बुक्का लागला की प्रत्येकानं शेजारच्याच्या पायावर डोकं ठेवायचं. कोण मोठा, कोण धाकटा, कोण कुठल्या जातीचा, काही बघायचं नाही. ज्याच्या त्याच्यात देव बघायचा.

सुग्रीवच्या शेजारी उभा होता चंद्रभान. बुक्का लागला आणि सुग्रीव सरळ त्याच्या पायाशी वाकला.

चंद्रभानाचा जीव वरच्यावर राहिला. "साहेब, न्हाई! साहेब, नको!" करत तो मागं सरकला. सुग्रीव वाकलेलाच पुढं सरकला. तो आणखी मागं. असं करत करत शिपाई वीणेपर्यंत पोचला, पुढं जागा नाही. मंडपातले सगळे टाळ थांबले. चावडीपुढं चालताना ज्याला बघून म्हातारे उठून उभे राहिले होते, तो फौजदार कमरेचं उपरणं सावरत एका शिपायाच्या पायामागं रांगत होता.

मी धुरपदाबाईकडं पाहिलं. आता ही काय बोलते, म्हणून पार्वतीबाईनंही मान वळवली होती. धुरपदाबाई उभी राहिली होती. आणि एकाएकी ती सगळ्या मंडपाला ऐकू जाईल असं ओरडली:

"अरे ए बाबा, पाय ठेव की जाग्यावर! इथं कुनी अमीन न्हाई आन् कुनी फौजदार न्हाई!"

चंद्रभान होता तिथं खांबासारखा थिजला. सुग्रीवनं त्याच्या धुळीनं माखलेल्या पायावर डोकं टेकवलं. मग चंद्रभानही वाकला, आणि दोघांची डोकी एकमेकांवर आपटली. बुवांनी गजर केला, वैजीनाथाची थाप पडली आणि सगळा मंडप एकमेकांच्या पायाशी लवला.

धुरपदाबाई तेवढी अजून उभीच होती. तिनं डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग खाली बसून तिनं पार्वतीबाईला कोपरानं ढोसलं.

"पाह्यलंस का?" ती म्हणाली. "कसा वाकला माझा!"

"पाह्यलं गं बाई," पार्वतीबाई म्हणाली आणि तिच्याच पायाशी वाकली. "सगळ्या गावानं पाह्यलं. आता पाय इकडं कर."